नांदेड-लातूरला कॅश सर्व्हर हवेत की मुंबईच पुरे?

बालाघाट: माझं मत: मराठवाड्यातल्या ब्रॉडबँडवाल्यांनी मिळून संभाजीनगर, लातूर, नांदेड तिन्हीकडे कॅश (वारंवार बघितल्या जाणाऱ्या व्हिडिओंच्या प्रती जवळच साठवणारा सर्व्हर) बसवावी. वेगासाठी नव्हे. फायबरमध्ये प्रकाश 1 मिलिसेकंदात सुमारे 200 किमी जातो. नांदेड-मुंबई 600 किमी धरलं तरी जाऊन-येऊन 6 मिलिसेकंद. खरं दुखणं मुंबईपर्यंतच्या लिंकच्या भाड्याचं. 10,000 कनेक्शन, रात्री नऊला सरासरी 2 एमबीपीएस धरा, झाले 20 जीबीपीएस. 70 टक्के गावातच भागलं तर मुंबईहून फक्त 6 ओढायचे.

दख्खनी: 70 टक्के आणले कुठून? एकाच कॅशवर जितके जास्त ग्राहक, तितका हिट रेशो (मागणीतला कॅशमधूनच भागणारा वाटा) चढतो. तीन ठिकाणी डिस्क वाटली की तेच गाजलेले व्हिडिओ तीनदा साठणार, क्वचित बघितल्या जाणाऱ्यांना जागाच उरणार नाही. आणि मोबाइलवाल्यांना काडीचा उपयोग नाही. त्यांचं पॅकेट आधी ऑपरेटरच्या कोअरपर्यंत, म्हणजे मुख्य यंत्रणेपर्यंत जातं, ते बहुधा पुण्या-मुंबईत. नांदेडचा सर्व्हर त्यांना तिथून उलटं फिरून गाठावा लागेल!

बालाघाट: मोबाइल सोडा हो, ब्रॉडबँडचं बोलतोय. लातूरला क्लासची पोरं तीच लेक्चरं बघतात, क्रिकेटची मॅचही सगळ्यांना एकच. हिट रेशो तिथं आपोआप चढतो.

गोदाकाठ: नकाशावर टाचण्या टोचून जागा ठरत नसते. प्रत्येक गावाची रात्रीची मागणी आणि लिंकचा दर मांडा. सगळ्यात जास्त पैसा वाचवणारी एक जागा निवडा, ती धरून पुन्हा हिशेब, मग दुसरी. नव्या जागेची बचत रॅक, वीज, देखभालीच्या खर्चाखाली गेली की थांबा. नांदेडला हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर, पण आधी ट्रेसराउट मारा, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं ते दिसेल. अपस्ट्रीम (तुम्हाला इंटरनेट पुरवणारी मोठी कंपनी) मुंबईत असेल तर हैदराबादलाही मुंबईवरूनच जाल.

डीएनएसही (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय) तपासा. ग्राहकाच्या राउटरमध्ये 1.1.1.1 हा क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक डीएनएस असेल तर तो ग्राहकाचा पत्ता पुढे कळवत नाही. डीएनएसवरून सर्व्हर ठरवणाऱ्या सीडीएनला (जागोजागी कॅश ठेवून व्हिडिओ पोचवणाऱ्या कंपनीला) ग्राहकाऐवजी मुंबईचा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसचा सर्व्हर दिसतो, आणि गावातली कॅश रिकामी बसते.

दख्खनी: आणि मे महिन्यात 42 अंशाला एसी बंद पडला की? सर्व्हरच्या तोंडाशी हवा 27 च्या आत ठेवायला सांगतात. कॅश बसली म्हणून लिंक 6 ची केली असेल, तर कॅश झोपल्यावर 20 चा भार त्याच 6 वर.

बालाघाट: म्हणून 6 नको, 10 ची घ्या, आणि एकाऐवजी दोन सर्व्हर, वेगवेगळ्या यूपीएसवर. तरी भाडं निम्मंच राहतं.

दख्खनी: दोन्ही एकाच खोलीत ना? मग एसी गेला की दोन्ही तापणार.