'पुट देणे' म्हणजे लेप चढवणे की पुनःपुन्हा शुद्ध करणे?

प्रश्न (शिक्षिका, नागभीड तालुका)

गावच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी मी दादाजी खोब्रागडे यांच्यावर लेख लिहीत आहे. आमच्याच तालुक्यातील नांदेड या गावच्या या शेतकऱ्याने १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या काही लोंब्या बाजूला काढल्या, त्यांचे बियाणे निराळे वाढवले आणि हंगामामागून हंगाम निवड करत 'एचएमटी' हा वाण सिद्ध केला. या चिकाटीसाठी मी "दादाजींनी त्या बियाण्याला वर्षानुवर्षे पुटे दिली" असे लिहिले. संपादकांच्या मते पुट म्हणजे थर किंवा लेप, त्यामुळे वाक्याचा अर्थ बदलतो. 'शतपुटी' हा शब्द मात्र मी कसून शुद्ध केलेल्या गोष्टीसाठीच वाचला आहे. पुट या शब्दात तो अर्थ खरोखर आहे का, आणि तो इथे चालेल का?

उत्तर (वैद्य, वर्धा जिल्हा)

ताई, तो अर्थ नक्की आहे आणि तो रसशास्त्रातून, म्हणजे धातू-खनिजांची औषधे करण्याच्या आयुर्वेदातील शाखेतून, आलेला आहे. अभ्रकाचे भस्म करताना शोधन केलेले अभ्रक वनस्पतीच्या रसात खलात घोटतात, ज्याला भावना देणे म्हणतात. मग त्याच्या चकत्या वाळवून मातीच्या दोन शरावांत (उथळ परळांत) बंद करतात, सांधा कापडमातीने लिंपतात आणि तो संपुट गोवऱ्यांच्या आचेत ठेवतात. अशी एक आच म्हणजे एक पुट. निवल्यावर संपुट उघडायचा, पुन्हा घोटायचे, पुन्हा आच द्यायची. असे शंभर वेळा केले की भस्म शतपुटी आणि हजार वेळा केले की सहस्रपुटी.

मात्र नुसती संख्या भरून भागत नाही. भस्म उन्हात धरून पाहतात, आणि त्यात एक जरी चकाकता कण दिसला तरी ते 'निश्चंद्र' झालेले नाही असे समजून पुन्हा पुट देतात. ते बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, पाण्यावर तरंगले पाहिजे. इथे वरून काही चढवलेले नसते, द्रव्य स्वतःच बदलत जाते, आणि हे माझ्या मते या शब्दाचे मर्म आहे.

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, अमरावती जिल्हा)

वैद्यबुवांनी सांगितलेला अर्थ आणि संपादकांचा अर्थ असे दोन्ही मराठीत रुळलेले आहेत. 'सोन्याचे पुट', 'रंगाचे पुट' असे, म्हणजे कशाचे पुट ते सांगितले असेल, तर बहुधा लेप समजावा. 'शतपुटी' हे विशेषण मात्र शुद्धीचाच अर्थ देते. नुसते 'पुटे दिली' म्हटले की वाचक आपल्या सवयीचा अर्थ घेतो, म्हणून ते टाळावे. 'परिष्करण' अचूक असले तरी गावच्या अंकात जड वाटेल, 'संस्करण' आता पुस्तकाच्या आवृत्तीसाठीच वाचले जाते, आणि 'परिमार्जन' दोष पुसून काढण्यापुरते शोभते.

उत्तर (धान उत्पादक, ब्रह्मपुरी तालुका)

मॅडम, आमच्या भागात 'बियाण्याला पुट दिले' असे वाचले की शेतकऱ्याला बीजप्रक्रियाच आठवेल. पेरणीआधी आम्ही धान ३ टक्के मिठाच्या पाण्यात टाकतो, वर तरंगलेले पोचट दाणे काढतो, तळाचे भरीव दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो आणि मग त्यांना थायरम हे बुरशीनाशक चोळतो. हा शब्दशः लेपच झाला. दादाजींनी दाण्यावर कसलीही प्रक्रिया केली नाही. त्यांनी उभ्या पिकात नजर ठेवून वेगळे झाड ओळखले आणि त्याचेच बियाणे पुढे नेले. त्या कामाला शेतीत 'निवड' म्हणतात आणि त्या शब्दातच त्यांचे श्रेय आहे. तेव्हा "दादाजींनी हंगामामागून हंगाम निवड करून हा वाण शुद्ध केला" असे लिहावे, म्हणजे अंक वाचणाऱ्या प्रत्येक धानवाल्याला त्यांनी नेमके काय केले ते कळेल.