विहिरीच्या दगडात गोगलगायी सापडल्या, ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यात मामांच्या शेतात विहिरीचं काम सुरू आहे. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा पांढरट, गारगोटीसारखा कडक थर लागला आणि त्यात चक्क गोगलगायींचे शंख दिसताहेत! सर्वांत मोठा अंगठ्याएवढा.

दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी टप्प्याटप्प्याने वाहिला. मधल्या शांत काळात तळी साचली आणि त्यातले जीव गाळात दडले. नागपूरजवळचे असे शंख मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० सालीच नोंदवलेत. म्हणजे हे समुद्रातले नव्हेत, गोड्या पाण्यातले असावेत. टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं, म्हणून मला 'फायसा' (गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा एक प्रकार) वाटतो. जाणकारांना पटतंय का?

शंख दगडातून मोकळे कसे करायचे? व्हिनेगर टाकून पाहिलं, फेस आला नाही. शंखातला चुना जाऊन त्या जागी सिलिका (गारगोटीचं द्रव्य) बसली असेल का? छिन्नी लावायचा धीर होत नाही.

उद्या सकाळी तिथे सुरुंग लावणार आहेत. फोटो कसे काढू, थराच्या कोणत्या नोंदी ठेवू, एवढं तरी कृपया आज रात्री सांगा.