सीमेकचं डॉक्युमेंटेशन वाईट आहे की आपण वाचत नाही?

रात्रपाळी:
माझं मत सरळ सांगतो, सीमेक, म्हणजे सी++ वगैरे कोडचा प्रोग्राम बनवायला (बिल्ड करायला) लागणाऱ्या फाइल्स तयार करणारं टूल, त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं आहे, पण नवीन प्रोजेक्ट सुरू करताना आज यातलं काय वापरायचं आणि काय नुसतं जुन्या प्रोजेक्टांसाठी ठेवलंय हे लवकर कळत नाही. टार्गेट_लिंक_लायब्ररीजचं, म्हणजे आपल्या कोडला लायब्ररी (तयार कोड) जोडायच्या, लिंक करायच्या कमांडचं पान बघा. पब्लिक म्हणजे काय, तर लायब्ररी लिंक होते आणि 'लिंक इंटरफेस'चा भाग बनते. प्रायव्हेट म्हणजे लिंक होते पण भाग बनत नाही. झालं! आता लिंक इंटरफेस म्हणजे आपला कोड वापरणाऱ्यालाही जे जोडलं जातं ते, हे ज्याला माहितीये त्याला हे पान लागतच नाही ना. दोन ओळींचं काम आहे, तुमच्या हेडरमध्ये (तुमचा कोड वापरणारे जी फाइल उचलतात ती) त्या लायब्ररीचं हेडर येत असेल तर पब्लिक, नुसतं सीपीपी फाइलमध्ये वापरलं असेल तर प्रायव्हेट.

ठेचा_भाकर:
शब्दकोशात भाजीची कृती शोधताय राव. रेफरन्सचं पान रेफरन्ससारखंच असणार, समजावून सांगायला बिल्डसिस्टिमचं वेगळं मॅन्युअल आहे, ट्युटोरियल आहे. आणि जुनं काय ते सांगत नाहीत हे तर साफ खोटं. हेडर कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या इन्क्लूड_डिरेक्टरीजच्या पानावर नोट आहे की टार्गेटवाली, म्हणजे एकेका प्रोग्राम किंवा लायब्ररीपुरती, कमांड वापरा. लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणाऱ्या लिंक_डिरेक्टरीजवर लिहिलंय की हिची क्वचितच गरज पडते, टाळा. ग्लॉबने, म्हणजे *.cpp सारख्या नमुन्याने, सोर्स फाइल्स गोळा करू नका हेही आहे, कारणासकट, की नवीन फाइल टाकली तरी सीमेकलिस्ट्स ही सूचनांची फाइल बदलत नाही मग सीमेक परत चालवायचंय हे बिल्डला कळणार कसं. तरी जिकडे बघावं तिकडे ग्लॉब! लोक सर्चमधलं २०१० चं उत्तर चिकटवतात आणि शिव्या डॉक्युमेंटेशनला.

रात्रपाळी:
नोट आहे, मान्य, पण पानाच्या खाली. वरची सिंटॅक्स कॉपी करून माणूस केव्हाच निघून गेलेला असतो.

टॅबवाला:
जीएनयू मेक या बिल्ड टूलचं मॅन्युअल वाचलंय का कुणी? सुरुवातीलाच उदाहरणाला एक टेक्स्ट एडिटर घेतलाय, आठ सी फाइल्स, तीन हेडर, आणि त्यावरून मेकफाइल (मेकची सूचनांची फाइल) समजावलीये, रेफरन्स नंतर. मेक १९७६ चं आहे, कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो हा त्रास आजही आहे, पण मॅन्युअल पुस्तकासारखं वाचता येतं.

ठेचा_भाकर:
मेकला सीमेकसारख्या निंजा, व्हिज्युअल स्टुडिओ, एक्सकोड अशा सगळ्या बिल्ड टूल्ससाठी फाइल्स बनवाव्या लागत नाहीत हो. तुलना तरी बरोबरीच्यांत करा.

अँड्रॉइडवाली:
तुमचं जुनं निदान चालतं तरी! आमच्या अँड्रॉइडच्या ग्रेडल या बिल्ड टूलने ७.० मध्ये, २०२१ ला, लायब्ररी जोडताना लिहायचं 'कंपाइल' काढूनच टाकलं, आता 'इम्प्लिमेंटेशन' लिहा. अपग्रेड गाइडमध्ये व्यवस्थित दिलंय पण लायब्ऱ्यांच्या जुन्या रीडमीत कंपाइलच, मग सिंक केलं की लाल एरर. तेव्हा राग येतो पण खरं सांगू का, जुनं त्यामुळेच मरतं. सीमेकमध्ये चालत राहतं, मग नोट वर टाका नाहीतर खाली, कोण कशाला बदलेल.

रात्रपाळी:
हे पटलं. सीमेकच्या २०२५ च्या ४.० मध्ये ३.५ च्या आधीच्या व्हर्जनांचा सपोर्ट काढला, तरी इन्क्लूड_डिरेक्टरीज मजेत चालू आहे.

ठेचा_भाकर:
मग बदल पाठव की. डॉक्युमेंटेशन सोर्सच्याच रेपोत (कोड ठेवतात तिथेच) आहे, साध्या टेक्स्ट फाइल्स. फक्त तुझ्या त्या दोन ओळी टाकू नकोस, स्टॅटिक लायब्ररीला (जिचा कोड शेवटच्या प्रोग्राममध्येच भरला जातो) त्या पुरत नाहीत. तिथे प्रायव्हेट लिहिलं तरी शेवटच्या लिंकिंगला ती लायब्ररी लागतेच. त्यांची भाषा जड आहे ती उगाच नाही.

रात्रपाळी:
मग हेच तिसऱ्या ओळीत लिहा ना! आत्ता तू जसं सांगितलंस तसंच.