‘आरी’ एकच की वेगवेगळ्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी निपाणीकडचा. आमच्या आज्जांची चपला शिवायची आरी अजून घरात आहे, लाकडी मूठ तळहाताच्या घामानं काळी गुळगुळीत झालीय आणि टोकाला बारीक खाच, तीत वादी अडकवून ते खालून वर ओढायचे. आता बायको बेळगावात आरी वर्कचा क्लास करते, ब्लाउजवर जरी भरायचा, तर तिची सुई बघून मी चकितच झालो, तशीच खाच, फक्त नाजूक! गुजरातच्या मोच्यांकडनंच ही कला आली म्हणतात ते पटलं.

पण सुतार बारीक करवतीला पण आरी म्हणतो, आणि बैल हाकायच्या पराणीच्या टोकाला लोखंडी आर असते ती वेगळीच. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, ‘आरा चर्मप्रभेदिका’ असं दिलंय, म्हणजे चामडं भोकसायचं हत्यार, तर मूळ अर्थ टोचायचा असेल तर मग कापणारी करवत यात कुठनं घुसली?

अथणी, चिकोडी, रायबागकडं चपला करणारी घरं अजून आहेत, २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हा पण आहे. तिकडं कानडी बोलणारे कारागीर आरीला काय म्हणतात? जाड-बारीक आरीला वेगळी नावं आहेत का? घरात म्हातारी माणसं असतील तर प्लीज विचारून सांगा, आज्जांना विचारायचं राहून गेलं ओ.