एजंटचा नकार आलाय, उत्तर पाठवायचं का?

पूर्वभागकर: सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉवर कादंबरी लिहिलीय, गिरणी कामगाराच्या घरातली गोष्ट आहे. इंग्रजी अनुवादाची पहिली 3 प्रकरणं दिल्लीच्या एका लिटररी एजंटला (लेखकाच्या वतीनं प्रकाशक शोधून देणाऱ्याला) पाठवलेली, काल नकार आला. लिहिलंय की भोंग्याचा प्रसंग आवडला पण मधे रेंगाळते. पुढं वेग येतो ओ, हे त्यांना समजावून सांगू का?

नवीपेठ: समजावणं अजिबात नको. साचेबंद नकार असता तर उत्तराचीच गरज नव्हती, त्यांच्याकडं मेलचा ढीग असतो. पण तुमचं वाचून नेमकं काहीतरी लिहिलंय म्हणजे वेळ दिलाय, तर दोन ओळींत आभार माना, प्रश्न काही विचारू नका. सुधारून परत पाठवा असं म्हटलंय का?

पूर्वभागकर: नाही, फक्त शुभेच्छा दिल्यात.

वाचनवेडी: मग हीच कादंबरी त्यांना परत नको, पुढची लिहाल तेव्हा खुशाल पाठवा. आणि मेलचा स्क्रीनशॉट कुठल्या ग्रुपवर टाकू नका प्लीज, या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात. मराठीत आपण थेट प्रकाशकाला हस्तलिखित देतो, ओळख काढून फोन पण करतो, ते इथं चालत नाही. मधला भाग मात्र खरंच परत वाचा, दुसऱ्या एजंटनं पण तेच सांगितलं तर तिथं काम आहे.

पूर्वभागकर: असं लिहितो, "वेळ काढून वाचलंत, मधल्या भागाबद्दल मोकळेपणानं लिहिलंत, मनापासून आभार." बास का?

नवीपेठ: बास. इंग्रजीत करा आणि त्याच मेलला रिप्लाय द्या, नवीन मेल नको.