लॅपटॉपचं वायफाय स्लो: नवा राउटर, नवं कार्ड, की नुसती सेटिंग?

पहिली_पायरी
प्रश्न असा: इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा (सेकंदाला २०० मेगाबिट). मोबाइलवर स्पीड टेस्ट १८० दाखवते आणि त्याच टेबलावरच्या लॅपटॉपवर ४० च्या वर काटा सरकत नाही. अशा वेळी लोक थेट नवा राउटर नाहीतर रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा डबा) मागवतात. माझ्या मते हे पैसे वाया जातात. मोबाइलला पूर्ण वेग मिळतोय म्हणजे लाइन आणि राउटर धड आहेत. लॅपटॉप वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या संथ बँडला (रेडिओ लहरींच्या पट्ट्याला) चिकटून बसलाय, वेगवान ५ वर जात नाही, एवढाच बहुतेकदा दोष असतो.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) ही कमांड द्या. चॅनेल १ ते १३ दिसलं तर २.४, ३६ ते १६५ च्या दरम्यान दिसलं तर ५ गिगाहर्ट्झ. मग रिसीव्ह रेट, म्हणजे राउटरशी जोडणीचा कागदावरचा वेग (लिंक रेट), बघा. तिथे ७२ असेल तर प्रत्यक्षात ४० च्या आसपास मिळणार, कारण लिंक रेटच्या साधारण निम्मा ते साठ टक्के वेगच हाती येतो. तेच ५ वर, दोन अँटेना आणि चॅनेलची विड्थ (रुंदी) ८० मेगाहर्ट्झ असेल तर लिंक ८६६ ची होते. २०० चा प्लॅन त्यात सहज मावतो.

उपाय फुकटचा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि लॅपटॉपला फक्त ५ वाल्याचा पासवर्ड द्या. वायफायची सिक्युरिटी (एन्क्रिप्शन) डब्ल्यूपीए-२ एईएसवर आहे ना, तेही तिथेच बघून घ्या. टीकेआयपी ही जुनी पद्धत राहिली असेल तर लिंक ५४ च्या वर जातच नाही.

दोन_अँटेना
अर्धंच पटलं. ५ वर जायला लॅपटॉपच्या आतल्या वायफाय कार्डात ५ असावं तर लागतं! स्वस्तातल्या कितीतरी जुन्या लॅपटॉपांत एक अँटेनाचं, फक्त २.४ चं कार्ड आहे. ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ (netsh wlan show drivers) टाका. ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’च्या ओळीत ८०२.११ (वायफायचं मानक) च्या पुढे नुसते बी, जी, एन असतील आणि ए किंवा एसी नसेल, तर राउटरला काहीही नावं द्या, फरक शून्य. तिथे कार्ड बदलणं हाच इलाज.

काम अवघड नाही. एम.२ २२३० मापाचं कार्ड एका स्क्रूवर असतं. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. अँटेनाच्या वायरी ओढू नका. टोकाची गोल टोपी प्लॅस्टिकच्या पातीने सरळ वर उचला. बसवताना टोपी नेमकी मधोमध आहे हे बघून मगच दाबा, तिरकी दाबली की आतली पिन वाकते आणि सिग्नल कायमचा पडतो. इंटेलचं एएक्स२१० एएमडीच्या लॅपटॉपातही चालतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ घेऊ नका, ती ठरावीक इंटेल प्रोसेसरांसोबतच चालतात. ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा.

पहिली_पायरी
पण जुन्या लेनोवो आणि एचपीच्या काही मॉडेलांत बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अनोळखी कार्ड स्वीकारत नाही, मशीन चालू होतानाच एरर देऊन थांबतं. शिवाय एक अँटेनाच्या लॅपटॉपात बहुधा एकच वायर ओढलेली असते. दुसरी अँटेना स्क्रीनच्या कडेने चढवणं हे घरी करायचं काम नव्हे.

भिंतीपलीकडे
मला दोघांचंही पटत नाही. नावं वेगळी करणं तर अनेक घरांत घातक ठरेल. ५ गिगाहर्ट्झ दोन आरसीसी भिंतींपलीकडे मरतं. लॅपटॉप बेडरूममध्ये नेला की त्याला २.४ वर उतरायची वाटच राहत नाही. एकच नाव ठेवा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबखाली ‘प्रिफर्ड बँड’ ५ करा. ५ मिळेल तेव्हा ५, नाहीतर २.४.

खरा घोळ राउटरच्या जागेचा आहे. फायबरवाला दारातून वायर आत घेतो आणि राउटरचा डबा तिथेच, मीटरच्या पेटीशेजारी किंवा चपलांच्या कपाटात ठोकून जातो. १९२.१६८.१.१ हा किंवा तुमच्या राउटरचा जो पत्ता असेल तो पिंग करा, मागे -टी लावून (ping 192.168.1.1 -t), म्हणजे त्याला सतत हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा. उत्तर सलग २ ते ५ मिलिसेकंदात आलं तर वायफाय ठीक. मधूनच १५०-३०० च्या उड्या दिसल्या तर हवेतच अडथळा आहे. डबा हॉलच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला आणा; आरसा, टीव्ही आणि लोखंडी कपाटापासून दूर.

दोन_अँटेना
जागेचं मान्य. पण मूळ प्रश्नात मोबाइल आणि लॅपटॉप एकाच टेबलावर आहेत. त्याच जागी मोबाइलला १८० मिळतात, तर जागेला दोष कसा देता?

भिंतीपलीकडे
मोबाइल ५ वर असेल आणि लॅपटॉप २.४ वर, तर तुलनाच चुकते. आमच्याकडच्या सोसायट्यांत २.४ वर पंधरा-वीस नेटवर्कं सहज दिसतात. तिथे विड्थ २० च ठेवा आणि १, ६, ११ यांतलं सगळ्यात मोकळं चॅनेल घ्या. ४० केलीत तर शेजाऱ्यांचाही गोंधळ तुमच्या अंगावर येतो.

चार_जोड्या
एक मुद्दा सगळ्यांचा सुटला. सगळीच उपकरणं ९४-९५ वर अडकत असतील तर दोष वायफायचा नाही, फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंतच्या केबलचा किंवा पोर्टचा आहे. गिगाबिटला (१००० एमबीपीएसच्या लिंकला) केबलमधल्या आठही तारा लागतात. एक तार तुटली की लिंक बहुधा १०० वर उतरते.

पहिली_पायरी
बरोबर, पण इथे मोबाइल १८० देतोय, म्हणजे केबल निर्दोष. त्यापेक्षा लॅपटॉपला लागलेला यूएसबी ३ चा हब किंवा हार्डडिस्क काढून बघा. त्यांच्यातून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ मध्येच सांडतो. ब्लूटूथ हेडफोनही त्याच बँडवर चालतो. आणि बॅटरीवर स्लो, चार्जर लावला की ठीक, असं होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टरचा पॉवर सेव्हिंग मोड ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ करा.

दोन_अँटेना
हे सगळं करूनही रिसीव्ह रेट ७२ च राहिला, तर कार्ड. बायोस अडवत असेल तर यूएसबी अडॅप्टर घ्या, पण नखाएवढा नको. बाहेर अँटेना असलेला, यूएसबी ३ चा घ्या. तो ५ वर चालवा आणि एक मीटरच्या एक्स्टेंशन केबलने लॅपटॉपपासून लांब ठेवा.

भिंतीपलीकडे
घ्या. पण त्याआधी कपाटातला डबा बाहेर काढा. तेवढ्यासाठी फायबरवाल्याला लांब पॅचकॉर्ड (फायबरची तयार केबल) आणायला सांगा, आणि ती काटकोनात वाकवू देऊ नका.