मदत हवी आहे: स्ट्रेन पित्तात टिकतो, पण चिकटत नाही

लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या प्रोबायोटिक (पोटासाठी उपयुक्त) जिवाणूच्या स्ट्रेनवर, म्हणजे वाणावर, काम चालू आहे (2020 पासून लॅक्टिकेसिबॅसिलस म्हणायचं, पण कोण म्हणतंय!). एमआरएस ब्रॉथमध्ये (हे जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम) बाइलचं, म्हणजे पित्ताचं, प्रमाण 0.3 टक्क्यांपासून हळूहळू चढवत कल्चर पुढे नेत गेले. पित्तात तो आता मूळ स्ट्रेनपेक्षा छान टिकतो, पीएच 3 लाही तग धरतो. घोडं अडलंय ते पुढे. म्यूसिन (आतड्यातल्या चिकट म्यूकसमधलं मुख्य प्रथिन) लावलेली प्लेट धुतली की तो पाण्याबरोबर निघून जातो. मूळ स्ट्रेन मात्र घट्ट धरून बसतो.

जीजीची म्यूकसवरची पकड मुख्यतः स्पासीबीए पिलायमुळे (पेशीवरच्या केसांसारख्या तंतूंमुळे) असते आणि ती जनुकं कल्चर सतत पुढे नेताना गळू शकतात. त्यामुळे त्यातलं स्पासी जनुक आहे का हे पाहायला पीसीआर चाचणी लावणारच आहे. पण समजा जनुक शाबूत निघालं, तर? पित्ताच्या ताणाने पेशीचं आवरणच बदललं असेल, तर शोध कुठून सुरू करू? थेट पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंगच करावं का?

शिवाय, अधूनमधून म्यूसिनला चिकटलेल्याच पेशी निवडून पुढच्या ब्रॉथमध्ये घातल्या, तर दोन्ही गुण टिकतील का? कुणी करून पाहिलंय? प्रतिकारशक्तीच्या चाचण्या (आयएल-10 हा दाह कमी करणारा संकेत-रेणू मोजणं वगैरे) तोवर थांबवल्यात. न चिकटणाऱ्या स्ट्रेनवर त्या चाचण्यांसाठीच्या महागड्या पेशी खर्च करायच्या जिवावर येतं.